सगळ्या घराला झेपेल असा क्रॉसबो

शनिवार, १ मार्च
सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "अनुप, माझं तिकीट जरा अलीकडचं करता येतं का बघ." ती ऑगस्टपर्यंत राहणार होती. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच नाशिक सोडून परदेशी, आमच्याकडे आली आहे. कारण विचारलं, तर म्हणाली, "कारण काही नाही रे. घरात चार माणसं आहेत, पण बोलायचं तर मला खिडकीबाहेरच्या झाडाशी बोलावं लागतं."
वाईट वाटलं. पण मी प्रॉब्लेम घेऊन बसणारा माणूस नाही. मूळ कारण लगेच लक्षात आलं: आपल्या घराला एकत्र करण्यासारखं काही नाही. बॅडमिंटन आईच्या गुडघ्यांना चालत नाही. स्विमिंग बायकोला, गौतमीला, चालत नाही, कारण मला टॉग्जमध्ये, म्हणजे पोहायच्या चड्डीत, बघायला ती तयार नाही. लेकीला, दीनाला, फोन सोडून काहीच चालत नाही.
दुपारी ऑफिसमधल्या एकाकडे बार्बेक्यू. त्याच्या घरचे सगळे, अगदी त्याची म्हातारी आजीसुद्धा, शेतात क्रॉसबो चालवत होते. हसत होते. एकमेकांशी बोलत होते.
निर्णय झाला. सगळ्या घराला वापरता येईल असा एक क्रॉसबो घ्यायचा. नेतृत्व माझं.

मंगळवार, ४ मार्च
कामावर, पेनरोजच्या डेपोत, लंच टाइममध्ये व्हिडिओ पाहिले. क्रॉसबो म्हणजे काय तर आडवं धनुष्य, त्याला बंदुकीसारखा दस्ता. दोरी मागे ओढून अडकवायची, बाण ठेवायचा, चाप ओढायचा. दोरीला जोर किती लागतो ते महत्त्वाचं. लंच संपेपर्यंत विषय माझ्या हातात आला होता.
जेवताना घोषणा केली. गौतमी म्हणाली, "आपल्याला मिक्सर हवाय." दीना म्हणाली, "That's actually sick." चौकशी केली. ते कौतुक असतं.
आईने चमचा खाली ठेवला. "रोज पंचशील म्हणतो आपण. त्यातलं पहिलं काय आहे?" मी सांगितलं की बाण फक्त कागदावर मारायचे, जिवाला धक्का नाही. ती म्हणाली, "कागदाने तरी काय वाकडं केलंय आपलं?"
हा होकार धरतो.

शनिवार, ८ मार्च
सगळे दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कोण वापरणार. म्हटलं, पूर्ण फॅमिली. त्याने एक छोटा, हलका काढला. दोरी ओढायला बाजूला सुटं होणारं हँडल होतं, गोल फिरवायचं. आईने हात पुढे केला होता, पण मी थांबवलं. असल्या नवशिक्यांच्या वस्तू आपण दोन महिन्यांत मागे टाकू. मी भिंतीवरचा मोठा मागितला. काळा, पानांच्या डिझाइनचा.
दुकानदाराने आईकडे पाहिलं. नऊवारी नाही, साधी पाचवारी, खाली मोजे आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "Heaps of power in that one, mate."
जाणकार माणूस जाणकाराला ओळखतो.

रविवार, ९ मार्च
गॅरेजमध्ये पहिला सराव. पुढच्या कडीत पाय अडकवायचा आणि दोरी दोन्ही हातांनी वर ओढायची. दोरी नडगीपर्यंत आली. वॉर्म-अप नव्हता केला.
मग गौतमी आणि मी मिळून ओढली. गुडघ्यापर्यंत. दीनाने व्हिडिओ काढला. आई म्हणाली, "विहिरीवर दोघं पोहरा ओढतायत असं दिसतंय."
सगळे हसले. बाँडिंग सुरू झालं आहे.

सोमवार, १० मार्च
कंबर. ऑफिसात स्पोर्ट्स इंज्युरी सांगितलं. मान वाढला असावा.

बुधवार, १२ मार्च
दोरी ओढायला मदत करणारा एक वेगळा दोर मिळतो, तो लावला. दोरी अडकली. एकट्याने केलं.
आता ती सोडवायची कशी, हा प्रश्न आला. बाण न लावता चाप ओढू नका, असं प्रत्येक व्हिडिओत सांगतात. पण ते साध्या मॉडेलसाठी असणार.
ओढला. मोठा आवाज झाला. धनुष्याचा एक पंख चिरला, दोरी तुटून कपड्यांच्या स्टँडवर गेली. मला काही झालं नाही.
आई पोळी लाटता लाटता लाटण्यासकट आली. "काय फुटलं?" म्हटलं, टेस्टिंग. तिने माझी बोटं एकेक करून तपासली, लहानपणी करायची तशी, आणि परत पोळ्यांकडे गेली.
उत्पादनात दोष आहे असं माझं स्पष्ट मत. गौतमीचं मत वेगळं. गॅरेजची किल्ली सध्या तिच्याकडे.

रविवार, १६ मार्च
तिघी परस्पर दुकानात जाऊन आल्या. मला शेजारणीने दिलेली फिजोआ नावाची फळं सोलायला बसवलं होतं.
तोच छोटा घेऊन आल्या. म्हणे दुकानात प्रत्येकीने तो खांद्याला लावून पाहिला. दस्ता मागेपुढे सरकतो, दीनाच्याही हाताला बसतो आणि गौतमीच्याही. आईने हँडल स्वतः फिरवून दोरी चढवली. "पॉटमधलं आइस्क्रीम यापेक्षा जड जातं," म्हणाली.
मला तो खेळणं वाटतो. मी काही बोललो नाही. फक्त एवढंच बोललो की तो खेळणं वाटतो.

रविवार, २३ मार्च
मनुरेवाच्या पुढे एक क्लब आहे, तिथे गेलो. नायरी म्हणून सत्तरीच्या बाई शिकवतात, गमबूट घालून. "किया ओरा" म्हणाल्या, म्हणजे माओरीत नमस्कार. आई "जय भीम" म्हणाली. दोघींचं झालं.
नियम साधा: शिट्टी वाजल्याशिवाय कोणी बाण आणायला पुढे जायचं नाही. आईचा पहिला बाण टार्गेटच्या कडेला लागला. मी तिला खांदा, श्वास, नजर सगळं समजावलं. पुढचे बाण आणखी कडेला गेले. मग नायरीबाईंनी मला पाणी प्यायला पाठवलं. त्यानंतरचे आत आले. शिकवलेलं मुरायला वेळ लागतो.
माझा पहिलाच बाण बरोब्बर मध्यभागी. टार्गेट शेजारच्या लेनचं होतं. पण अंतर तेवढंच, म्हणजे नेम मोजला जाईल. तिथल्या गृहस्थाने "sweet as", म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणून बाण परत केला आणि आपली खुर्ची थोडी लांब नेली.
नायरीबाई म्हणाल्या, तुझा डावा डोळा जास्त जोरकस आहे, डाव्या खांद्याने मारून बघ. मी आयुष्यभर उजवा आहे. नकार दिला.

रविवार, ३० मार्च
आई आणि नायरीबाई थर्मास घेऊन बाकावर. आईचं इंग्रजी टेलिफोन खात्यातल्या नोकरीतलं, "प्लीज होल्ड द लाइन" प्रकारचं. नायरीबाई पूर्वी टपाल खात्यात होत्या. आईने काहीतरी सांगितलं आणि बाई चहा सांडेपर्यंत हसल्या. काय सांगितलंस विचारलं. "ऑफिसातलं आहे. तुला नाही कळायचं."
मग दीना नेम धरणाऱ्या आईच्या मागे उभी राहून म्हणाली, "आजी, थोडं वर. अजून. आता सोड."
अख्खं मराठी. गेली दोन वर्षं मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. गौतमीने माझ्याकडे पाहिलं. मी बाण मोजायच्या निमित्ताने जरा लांब गेलो.
माझा प्लॅन यशस्वी होतो आहे.

रविवार, ६ एप्रिल
क्लबचा फॅमिली डे. एका टीममध्ये तीन जण. गौतमी म्हणाली, "तूच ठरव, कोण बसणार." कॅप्टनने बाहेरून बघायचं असतं, म्हणून मी राखीव राहिलो. कोणी आग्रह केला नाही. शिस्तीची टीम आहे.
तिघी तिसऱ्या आल्या. शेवटचा बाण आईचा होता. हँडल फिरवलं, पदर खोचला, चष्मा वर केला आणि पिवळ्या गोलात मारला. दीना ओरडत जाऊन तिला बिलगली. फोटो मी काढला, म्हणून मी फोटोत नाही.
गाडीत आई म्हणाली, "अनुप, ते तिकिटाचं केलंस का?" इतकं होऊनही तिला जायचंच होतं. मी सिग्नलला थांबून बोलायला सुरुवात केली, की आई, आमचं चुकलं, आम्ही वेळ देत नाही. ती म्हणाली, "अरे ऐक तरी. अलीकडचं नको. ऑक्टोबरनंतरचं कर. नायरीची स्पर्धा आहे."
मागच्या गाडीने हॉर्न दिला.
घरी आल्यावर विचारलं, आमच्यासाठी पण थांबतेयस ना? तिने विचार केला. म्हणाली, "हो रे, तुमच्यासाठी पण." त्यातला "पण" मी मनावर घेतलेला नाही. ती थांबते आहे, हे मोठं.

रविवार, १३ एप्रिल
आज तिघी नायरीबाईंना वाटेत घेऊन गेल्या, त्यांची गाडी दुरुस्तीला आहे. नवीन टार्गेटही न्यायचं होतं. गाडीत जागा उरली नाही. आई म्हणाली, "तू आराम कर, कंबर सांभाळ."
अकरा वाजता गौतमीचा फोन. दोरी चढवायचं हँडल घरीच राहिलं होतं, घेऊन ये. शेवटी माझ्याशिवाय अडतंच. माझ्या गाडीने निघालो. वाटेत ठरवलं, आज डाव्या खांद्याने मारून दाखवायचं. मोठेपणा म्हणून.
पोचलो तेव्हा त्यांनी कोणाचंतरी हँडल मागून घेतलं होतं आणि आईची पाळी चालू होती. नायरीबाईंनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. वाटलं, आता लेन देतील. त्यांनी अंगात घालायला नारिंगी जॅकेट दिलं आणि सॉसेजच्या स्टॉलवर उभं केलं. एरवी तिथे असणारा माणूस आजारी होता.
रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, तूही क्रॉसबो चालवतोस का. म्हटलं, मी सध्या मॅनेजमेंट बघतो.
त्या म्हणाल्या, कांदा जरा जास्त घाल.