प्रांजलची विद्यापीठातली नोकरी

घाटकोपर

ती. आईस प्रांजलचा नमस्कार.

विद्यापीठात माझी निवड झाली. होणाऱ्या शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं, ते मी शिकवणार. नेमणूक सध्या वर्षाचीच आहे, पुढे वाढेल म्हणतात.

मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी मॅडमनी विचारलं, "पाण्याच्या ग्लासात तरंगणारा बर्फ वितळला की पाण्याची पातळी वाढते का?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तिघांची तीन उत्तरं आली! मग कॅन्टीनमधून बर्फ मागवला आणि सगळे ग्लासाकडे बघत बसले. पातळी जराही वाढली नाही. मॅडम हसून म्हणाल्या, "असंच शिकवा."

जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

गावच्या शाळेतली कायमची नोकरी सोडली म्हणून बाबा अजून फोनवर येत नाहीत. हे पत्र त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाच.

तुझी,
प्रांजल