स्वयंपाकघराकडे चौकार

प्रिय बाबूजी,

तुमचा सोनारबापू आज रिटायर झाला.

म्हणून हे पत्र. नाहीतर तुम्हाला पत्र लिहायची मला काय हौस! वर्ष होत आलं तुम्हाला जाऊन, आणि इतक्या दिवसांत मी तुमच्याशी मनातल्या मनातही बोलले नाही. बोलायला गेलं की रडू येतं, आणि रात्री रडून सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसला जायचं आता माझ्याने होत नाही. थकले मी. पण ही बातमी पोटात राहीना. सांगू तरी कोणाला? चष्मा लावून खेळणाऱ्या त्या माणसाला सोनारबापू म्हणून ओळखणारे या जगात आपण दोघंच.

जेवणाच्या सुट्टीत कळलं. आमच्या विजय नगरच्या ऑफिसात दुबे भैया आहेत ना, ज्यांचं अर्धं लक्ष कायम स्कोअरवर असतं, तेच म्हणाले, "दीदी, आपके चश्मेवाले ने संन्यास ले लिया." फोनवर चार ओळी आणि एक फोटो, संपलं. ना निरोपाचा सामना, ना मैदानाची फेरी! ज्याने आयुष्यभर सोनारासारखा एकेक बॉल तोलून खेळला, त्याने निरोप इतक्या घाईत घ्यावा? तुम्ही चिडला असतात. आधी त्याच्यावर, मग बोर्डावर आणि शेवटी माझ्यावर, मी बातमी नीट वाचून दाखवली नाही म्हणून.

दुबे भैया पुढे म्हणाले, "और वो आखिरी पारी याद है आपको?" मी डबा बंद केला आणि उठले. का उठले ते सांगते, पण जरा दम धरा.

तुमच्या नजरेचं सगळं परत आठवत बसले आज. काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधलं. शेवटी टीव्ही म्हणजे तुमच्यासाठी एक उजेडाचा चौकोन उरला. टीव्हीवरच्या कॉमेंट्रीने तर तुमचं डोकंच फिरायचं. "हे लोक आपसात गप्पा मारून राहिले! बॉल गेला कुठे ते सांगा न!" मी म्हटलं, रेडिओ लावून देते. तर म्हणे, "रेडिओवाल्याला मी मधातच प्रश्न विचारू शकतो का?" झालं, ते काम माझ्या गळ्यात पडलं. त्यातही तुमची अट, बोलायचं मराठीतच.

आणि माझं मराठी म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, ऑफिस हिंदी. मराठी फक्त तुमच्यापुरतं आणि आईपुरतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बॅट्समन भागून राहिला." तुम्ही म्हणालात, "चोर भागते, बेटा. बॅट्समन पळते." त्याच दिवशी मी म्हटलं, "कव्हरला मारला," आणि तुम्ही हळूच म्हणालात, "कव्हर म्हणजे कुठे? मला ग्राउंड नाही दिसत आता. घर दिसते फक्त."

मग आपण ग्राउंडच घरात आणलं. तुमची खुर्ची म्हणजे बॅट्समन. समोर टीव्ही, तिकडून बॉलर येणार. उजव्या हाताला स्वयंपाकघर, डाव्या हाताला व्हरांडा. पाठीमागे न्हाणीघर, तिथे विकेटकीपर. टीव्हीच्या भिंतीपलीकडे तिवारीजी राहतात, म्हणून सरळ सिक्स गेला की तो तिवारीजींच्या घरात. "स्वयंपाकघराकडे चौकार!" मी ओरडायचे, आणि आतून आईचा आवाज यायचा, "इकडे काही नाही आलं. आला तर कुकरमध्ये टाकून देईन." तिला काय पडलं होतं क्रिकेटचं! दोघे बापलेक पागल झाले, एवढंच तिचं मत.

जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत तुम्ही. "आता काय सुरू आहे?" "जाहिरात, बाबूजी." "कशाची?" "इलायचीची. मोठे मोठे खेळाडू खाऊन नाचून राहिले." तुम्ही विचार करून म्हणालात, "इलायची खाऊन एवढं खुश कोण होते?"

आता घरात आवाजच नाही. मी आणि आई एकमेकींशी बोलतो ते पाणी आलं का, दूध तापवलं का, एवढंच. दुपारी ती भजनाचा चॅनल लावते, मी यायच्या आधी बंद करते. रांझीच्या घरून विजय नगर, विजय नगरहून रांझी, स्कूटी उभी केली की माझा दिवस संपला. भांडण नाही हो आमचं काही. बोलण्यासारखं घरात काही उरलं नाही, असं मला वाटायचं.

पण तुम्हाला बातम्या हव्या असतील. देते, माझ्याच्याने होतील तेवढ्या.

तुमचा जावईबापू आठवतो ना? मैदानात येतो तो मानपान घ्यायला आल्यासारखा, म्हणून तुम्ही ठेवलेलं नाव. मी त्याची बाजू घ्यायचे आणि तुम्ही मुद्दाम चिडवायचे. तर लिलावात तो दुसऱ्या टीममध्ये गेला. नवी जर्सी घालून पहिल्याच दिवशी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, हेच माझं घर. अहो, जुन्या टीमलाही हेच म्हणाला होता! तुम्ही म्हणाला असतात, "जावई तो. जिथे पुरणपोळी, तिथे त्याचं घर." मी हसले असते, आणि तरी त्याच्याकडून भांडले असते. आता भांडायचाही कंटाळा येतो. समोर कोणी नसलं तर बाजू तरी कशाला घ्यायची?

मौनीबाबाची कप्तानी गेली. जिंकत होता तोवर त्याचं मौन म्हणजे खोल विचार होता. दोन मालिका हरला आणि तेच मौन म्हणजे नाकर्तेपणा झाला. आता एका कोवळ्या पोराला कप्तान केलंय. मिशीही धड फुटली नाही, आणि सगळे म्हणतात, जन्मजात कप्तान! उगवत्या सूर्याला नमस्कार, दुसरं काय. त्याच्या पहिल्या हरण्याची मला आताच काळजी वाटते.

पाठदुखीबुवा परत आरामावर. त्याच्या पाठीवर पडणाऱ्या भाराला हल्ली 'वर्कलोड' म्हणतात. दुबे भैया म्हणाले, "करोड़ों लेकर आराम!" पूर्वी मीही म्हणायचे, नखरे आहेत नुसते. या वेळी नाही म्हणाले. रोज संध्याकाळी त्या खड्ड्यांतून स्कूटी चालवत आले की पाठ म्हणजे काय ते कळतं, करोडोंची असो की माझी.

एक चांगलं सांगू? पोरी जोरात आहेत, बाबूजी! तुम्हाला त्यांचे सामने आवडायचे, कारण स्टेडियम रिकामं असायचं आणि बॅटवर बॉल लागल्याचा आवाज स्वच्छ यायचा. "यांची मॅच मला तुझ्याशिवाय समजते," म्हणून मला चिडवायचे. आता त्यांच्या सामन्यांनाही गर्दी उसळते. आता तुम्हाला तो आवाज आला नसता. वाईट वाटून घ्यायचं की आनंद मानायचा, तुम्हीच ठरवा.

हे सगळं फोनवर वाचलेलं नाहीतर ऑफिसात कानावर पडलेलं. सामना म्हणून मी एकही पाहिला नाही.

कारण माझा तुमच्यावर राग आहे. मॅच अर्धी टाकून कोणी जातं का? दूरदेशीचा सामना, आपल्याकडे पहाटे सुरू होणारा. आदल्या दिवशी सोनारबापू चिकटून उभा होता. रात्री जेवताना तुम्ही पुन्हा विचारलंत, "आहे न तो अजून?"

"आहे, बाबूजी. नाबाद."

"मग पहाटे उठवजो मला. त्याच्याशिवाय ही मॅच वाचत नाही."

पहाटे मी चहा घेऊन आले. टीव्ही लावूनच ठेवला होता. थंडी इतकी की तुम्ही रजई डोक्यावरून घेतली असेल असं वाटलं, पण तोंड उघडंच होतं. "उठा बाबूजी, आला तो मैदानात," मी म्हटलं. दोनदा म्हटलं. टीव्ही नंतर कोणी बंद केला, आठवत नाही. मीच केला असेन.

त्या मॅचचं पुढे काय झालं, ते मी कधी पाहिलं नाही. कोणी विषय काढला की उठून जायचे, पेपरमध्ये दिसलं की पान उलटायचे. त्या मालिकेनंतर त्याला टीममध्ये घेतलं नाही, एवढं कळलं होतं. पण त्या पहाटेचं नाही. हसू नका. तुम्ही विचारलं होतं आणि मी 'आहे' म्हटलं होतं. मी पाहत नाही तोवर तो आहेच, असं धरून बसले होते. चाळिशीला आलेली बाई मी, पण होते तशीच बसून.

आज संध्याकाळी घरी आले. आई आत मेथी निवडत होती. काय वाटलं कोण जाणे, मी टीव्ही लावला, आवाज न करता. सगळ्या चॅनलवर तोच. जुने फटके, लग्नाचे फोटो, आणि मग ते मैदान. मी लगेच ओळखलं. तो चष्मा पुसत चालत येत होता. मी रिमोट उचलला, बंद करणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"मीनू, टीव्ही लावला न? मग काहून बोलून नाही राहिली?"

"काय बोलू? सोनारबापू रिटायर झाला."

मला वाटलं, विचारेल, कोण सोनारबापू? तिने विचारलं नाही. मेथीची जुडी हातात घेऊनच दारात आली.

"अच्छा," म्हणाली. "त्या दिवशीही बिचारा लवकरच गेला होता. स्वयंपाकघराकडे मारायला गेला, अन् न्हाणीघरात कॅच."

बाबूजी, मी रिमोट खाली ठेवला. विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"तिवारीजींनी. त्या पहाटे तुझा आवाज ऐकून आले न ते, त्यांच्या घरी टीव्ही सुरूच होता. मी विचारलं, चष्मेवाला आहे का गेला? त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. म्हणाले, 'भाभीजी, कवर में मार रहे थे, पीछे कैच हो गए.' कव्हर म्हणजे आपलं स्वयंपाकघरच न?"

"त्या दिवशी विचारलं तू? बाबूजी समोर असताना?"

"मग कधी विचारणार? लोक तयारीला लागले होते. रात्रीच त्यांनी विचारलं होतं न तुला, आहे का म्हणून. माणसाला असं अर्धवट कसं पाठवणार?" ती मेथीची पानं खुडत होती, खुडलेली पानं जमिनीवर पडत होती. "कानात सांगितलं मी त्यांच्या. म्हटलं, अहो, गेला तो. आता वाट नका पाहू."

मग आम्ही दोघी रडलो. वर्षात पहिल्यांदा एकत्र. तुम्ही गेलात तेव्हाही ती पाहुण्यांत होती आणि मी कागदपत्रांत.

रडून झाल्यावर मी तिला म्हटलं, तुला तर क्रिकेट आवडत नाही. म्हणाली, "मला ते टीव्हीवाले समजत नाहीत. तुझं समजते. इतके वर्ष ऐकलं मी, आतून. तू बोलणंच बंद केलं तर मी काय करू?"

वर मी लिहिलंय, त्याला सोनारबापू म्हणून ओळखणारे आपण दोघंच. खोडत नाही, राहू द्या. पण चूक आहे ते. आणि दुसरी चूक याहून मोठी. मी वर्षभर त्याला तुमच्यासाठी नाबाद ठेवला, आणि तुम्हाला तर माहीत होतं! तुम्ही बातमी घेऊनच गेला होतात. मीच तेवढी वाट पाहत होते.

येत्या रविवारी जावईबापूची मॅच आहे. मी आईला म्हटलं, बाबूजींच्या खुर्चीत बस. तर म्हणते, "नको, मी इकडेच बरी. स्वयंपाकघरात फील्डर नको का कोणी?" म्हणजे खुर्ची तुमचीच आहे, रिकामी.

शब्द देते, बाबूजी. रविवारी मी बोलेन. मोठ्याने, मराठीत, तिवारीजींना भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतकं. बॅट्समन पळेल, भागणार नाही. बॉल कुठे गेला ते आधी सांगेन, गप्पा नंतर. आणि जो बाद होईल त्याला बाद म्हणेन, त्याच क्षणी.

तुमची,
मीनू
(आईने विचारलं, कोणाला लिहून राहिली? सांगितलं. म्हणाली, मेथीचे पराठे केले म्हणून लिही.)