मामंजींची जामगी

२२ मार्च, रविवार
मामंजींनी सकाळी चहा पिता पिता विचारलं, "सूत आनलं का?" मी म्हटलं, कसलं सूत? झालं, चिडले. "जामगीचं! यात्रेला बार काय काडीपेटीनं काढायचा?"
खरंच की. यात्रेला एकोणीस दिवस राहिले. गावची तोड्याची बंदूक पाटलांकडे असते, पण तिला बत्ती द्यायची दोरी, म्हणजे जामगी, आमच्या घरची. देवळातल्या दिवटीवर पेटवायची, धुमसत ठेवून पालखीबरोबर गावाला फेरी, पालखी परत पायरीला लागली की त्याच विस्तवानं बार. मध्येच विझली तर त्या वर्षी बार नाही. सासऱ्यांच्या हातात ती कधी विझलेली नाही. पण दिवाळीनंतर लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला. यंदा कोण वळणार, हा विषय घरात कुणी काढलाच नव्हता. मीपण नाही.

२४ मार्च, मंगळ.
धाकटे दीर, विलासभाऊजी, जेवायला होते. "वहिनी, कशाला कुटाणा? लायटर आहे की. नाहीतर फटाक्यांची माळ लावू. लोकांना आवाज पाहिजे, बास." मामंजी ताटावरून उठले. भाताला हात लावला नाही.
असा राग आला भाऊजींचा! आमटी दुसऱ्यांदा वाढलीच नाही.
नंतर मामंजींना म्हटलं, तुम्ही सांगा, मी वळते. "तू?" मग, "हात धुऊन बसत जा. तेलकट हात चालत न्हाई."

२६ मार्च, गुरु.
फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तशीच पिंपरी कॅम्पात, सूत आणायला. दुकानदार छातीवर हात ठेवून, "ताई, प्युअर कॉटन." घरी येऊन टोक पेटवलं तर वितळून काळा मणी. मामंजी खो खो हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. "पेटली न्हाई गं, रडली!"
फुकट गेली चक्कर. पण हसले तरी.

२८ मार्च, शनि.
सापडलं! कंपनीतून मिळणारे सुती हातमोजे. क्यू.सी.ला आम्ही रबरी वापरतो, त्यामुळे माझे सुती कपाटात पडून, नवे कोरे. एक उसवून पेटवून बघितला. छान शांत निखारा. मामंजींनी नाकाशी धरला. "कापूसच हाय."
टीव्ही बघत बघत उसवायला बसले. दोन जोड झाले. बोटं दुखतायत.

३१ मार्च, मंगळ.
तीन पदर, भरपूर पीळ. एक टोक त्यांच्या डाव्या हातात, दुसरं माझ्याकडे. "पोरीची येनी घालतीस का? आवळ! सैल ठिवलीस तर भसाभस जळंल. लई आवळलीस तर गुदमरंल." मग मध्यम म्हणजे किती? "हाताला कळतं." माझ्या हाताला अजून तरी कळत नाही.
राखेच्या पाण्यात उकळत ठेवली. घरभर वास.

२ एप्रिल, गुरु.
माझ्यासारखी मूर्ख मीच. लवकर वाळावी म्हणून जामगी मशीनच्या ड्रायरला टाकली. बाहेर काढली ती शेवयांचा गुंता! सगळा पीळ सुटला. रडले चक्क, मोरीत बसून.
मामंजी दारात. "आगं, देवाची दोरी मशिनीत घालतात व्हय?" मग हळूच, "रडू नगं. सूत हाय का अजून?"
आहे. पुन्हा पहिल्यापासून.

५ एप्रिल, रवि.
दुसरी झाली. सावलीत वाळवली, फडक्यानं घासली. मोबाइलवर वेळ लावून स्वयंपाकघरात तपासली: बोटभर जळायला अठरा मिनिटं. तेवढ्यावर हिशोब करून लांबी कापणार होते. मामंजी म्हणाले, "पालखी काय तुझ्या ओट्यावरनं फिरती?" गच्चीवर वाऱ्यात धरली. बारासुद्धा नाही. निमूटपणे दुप्पट लांब ठेवली.

८ एप्रिल, बुध.
आज कामावरून आले तर मामंजी मागच्या अंगणात, पाठमोरे. सुताचं एक टोक खाटेच्या पायाला बांधलेलं, दुसरं दातात, आणि डाव्या हातानं पीळ घालतायत. उरलेल्या हातमोज्यांचं सूत. किती दिवस चाललं होतं कोण जाणे. एक लांबी तर उकळून वाळवलेलीसुद्धा. एका हातानं कसं केलं असेल!
मला बघून दचकले. वाळलेली पुढे केली. "ही बी बघ पेटवून." बस्स, एवढंच.

९ एप्रिल, गुरु.
तीनदा पेटवली. तिन्ही वेळा विझली. वळताना जिथे जिथे हात थकलाय तिथे गाठीसारखा फुगवटा आहे, निखारा तिथे पोचला की जीव सोडतो. कंपनीत असा पार्ट मी सरळ रिजेक्ट करते, साहेब ओरडला तरी.
"टिकली का?" त्यांनी विचारलं.
"टिकली."
तोंडातून निघून गेलं. इतके खुश झाले की भाऊजींना फोन करून सांगितलं, यंदा माझीच हाय म्हणून. आता काय करू? उद्या सगळ्या गावापुढे विझली तर हा माणूस परत खाटेवरून उठणार नाही. आणि खरं सांगितलं तर आजच खाट धरेल.

१० एप्रिल, शुक्र. यात्रा.
सकाळी उठल्या उठल्या हाक. "कालची राख दाव."
मला कळेना. म्हणाले, "जामगी टिकली की राख दोरीवानी अख्खी ऱ्हाती. टिकली म्हनतीस ना?"
तीन विझलेली काळी टोकं होती माझ्याकडे. दिली. एकेक बोटानं दाबून बघितली त्यांनी. मी म्हटलं, चुकलं माझं, मामंजी. मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. रागावले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं डाव्या हाताकडे बघत बसले.
मग म्हणाले, मला फेटा बांध. बांधताना, "दिवटीवर माझी धरीन. गाठ यायच्या आत तुझी तिच्यावर पेटवून घे. मग पुढं तू चाल."
"मी? बाईनं जामगी धरलेली गावानं कधी बघितली नाही. पंच काय म्हणतील?"
"म्हनू दे."
त्यांच्या जामगीची पहिली गाठ अर्ध्या बोटावर आहे, मोजली मी. वाऱ्यात पाच-सहा मिनिटं मिळतील, फार तर. तेवढ्यात कुणी हुज्जत घातली नाही म्हणजे झालं.
भाऊजी बाहेर हॉर्न वाजवतायत. मामंजी केव्हाचे चपला घालून बसलेत.