राजदूतांचा गुडघा

ती. बाबांना,
सा. न. मी मजेत आहे. वेळेवर जेवते, असं आईलाही सांगा.

काल नव्या परदेशी राजदूतांना परराष्ट्र खात्यातल्या माझ्या दालनात सहज म्हणून चहाला बोलावलं होतं. पाहुणे बसल्याशिवाय मी बसेना, आणि बाई उभ्या म्हणून ते बसेनात. पंधरा मिनिटं दोघंही उभीच, चहा गार! शेवटी तेच म्हणाले, "बसू या हो, माझा गुडघा संपावर गेलाय." मी खो खो हसले आणि तुमच्या गुडघेदुखीचं सांगत खुर्चीत बसले. मग तासभर गुडघेच! निघताना म्हणाले, "दोन्ही देशांची अडलेली बोलणी सोमवारपासून सुरू करू."

तुम्ही अजून गच्चीवर चढता ना? त्यांचा तुम्हाला निरोप आहे: जिना बंद, काठी सुरू. लेकीचं ऐकत नाही, निदान एका देशाचं तरी ऐका.

तुमची काळजीखोर,
थोरली