काठ कोनीकडे?

१ डिसेंबर
आले एकदाची! नवेगाव बांधच्या पुढची ही तलावाकाठची वस्ती इतकी देखणी असेल असं वाटलं नव्हतं. वनोद्यानातल्या पर्यटक-कुट्यांची व्यवस्था आता माझ्याकडे. समोर पाणी, पलीकडे सागाचं रान, टेकाडावर जुना विहार. तिथल्या म्हाताऱ्या भिक्खुणी, आर्याजी, यांनी उकडलेले शिंगाडे दिले. शेजारच्या शामकलाबाईंनी "एकटीच राह्यतं काय वं?" असं विचारलं आणि नवऱ्याला, हिरालालला, माझ्यासाठी मासे आणायला पिटाळलंसुद्धा.

९ डिसेंबर
धुकं पडलं की आर्याजी ऊन येईपर्यंत घंटा वाजवतात. डोंगे घेऊन मासेमारीला गेलेल्या ढिवरांना काठ कळावा म्हणून. पाहुण्यांची झोपमोड होते. एक कुटुंब भांडून निघून गेलं. आज घंटा थांबवायला सांगितलं. आर्याजी म्हणाल्या, धुक्याचे दिवस सरू द्या. मी वनोद्यानाच्या साहेबांचा हुकूम आहे म्हणाले. साहेबांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांनी घंटेचा दोर गुंडाळून ठेवला.

१२ डिसेंबर
शांत सकाळ. पाहुणे खूश. धुक्यातून कोणीतरी ओरडत होतं, "काठ कोनीकडे हाये?" ढिवर आपसात बोलत असतील. मी चहा घेत बसले.

१३ डिसेंबर
हिरालाल सापडला. डोंगा उलटून कमळाच्या वेलांत अडकला होता. शामकलाबाई माझ्याच गळ्यात पडून रडल्या. घंटा कोणामुळे थांबली, हे आर्याजींनी कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.

१७ डिसेंबर
आर्याजींनी घंटा पुन्हा सुरू केली. तरी धुक्यातून तोच आवाज. "काठ कोनीकडे हाये?" कसं शक्य आहे — मी हिरालालच्या चितेपर्यंत गेले होते.

१८ डिसेंबर
शामकलाबाईंनाही ऐकू येतं. म्हणाल्या, "जबाब देऊ नोको, बाई. जो जबाब देईन, त्याच्याकडंच येईन तो." आणि पदर तोंडात कोंबून बसल्या. सगळं सांगून टाकावं असं ओठांवर आलं. नाही सांगितलं.

२० डिसेंबर
आवाज जवळ आलाय. घंटा त्याला ऐकूच येत नाही आता. रागावलेला नाही. रागावला असता तर — नुसता दमलाय.

२१ डिसेंबर
धुकं पायरीपर्यंत. शेवाळाचा वास. कान दाबून —

२२ डिसेंबर
दाराशी आहे. तेवढंच विचारतोय. त्या दिवशी ऐकूनही मी — आज पुन्हा गप्प? नाही. नाही राहवत. कडी काढली. इकडे, हिरालालभाऊ, इकडे —