रोहीच्या तोंडी पाणी

९ एप्रिल
कंधारच्या पुढचं गाव. कोरड्या विहिरीत दोन जनावरं पडलीत, मादी आणि तिचं मोठं झालेलं पाडस. वनखात्याच्या कागदावर नीलगाय, गावात रोही. पाणी हुंगत आली असतील. तळाशी नुसता गाळ. गुंगी देऊन वर काढायला डॉक्टर पाहिजे. म्हणजे मी.
फाट्यावर नव्या जिल्ह्यासाठी रास्ता रोको. टायर जळतायत, क्रेन अडकलेली. सरपंच फोनवर, "म्याडम, जिल्हा होऊ द्या, मग क्रेन, ऑक्सिजन, समदं इथंच." तोवर रोहींनी तळात बसावं.
पोचले तेव्हा अंधारून आलेलं. काम उद्या. सरपंचांच्या आईनं, गयाबाईंनी, पाणी विचारलं. आधी आडनाव विचारलं. मग "वंजळ धर, बाई." तांब्या हातभर वर. टँकरचं पाणी, पण थेंब सांडू दिला नाही. प्यायले. अजून राग येतोय. त्यांचा कमी, ओंजळ धरली त्याचा जास्त.

१० एप्रिल
मादी मेली.
गुंगीचं हे औषध अफूच्या जातीचं. जनावर झोपतं आणि श्वास घ्यायचं विसरतं. उतारा असतो, पण विहिरीतच दिला तर उठून भिंतीवर आपटून घेईल. वर येईपर्यंत श्वास आपण टिकवायचा. छातीवर बसवली, मान सरळ, नाक खाली. वनमजूर शेखभाई मान धरून, मी नाकाला रबरी पिशवी लावून दाबतेय. जीभ निळी, गुलाबी, परत निळी.
क्रेननं वर आली. जिवंत. उताऱ्याची सुई हातात, कानाची शीर शोधत होते, तेवढ्यात गयाबाईंनी तिच्या तोंडात तांब्या रिकामा केला.
मी ओरडले, उपयोग काय. झोपलेल्या जनावराला गिळता येत नाही. सगळं छातीत.
"मरून राहिली व्हती ती. पाण्याबिगर जाऊ द्यायची व्हय?"
मरत नव्हती.
आणि तांब्या चक्क ओठांना टेकलेला. रोहीच्या.

११ एप्रिल
गावात एकच बोलणं, बाईच्या सुईनं मारली. गयाबाई सांगत फिरतायत, "माझ्या हातचं पाणी पिऊन गेली." डोळे भरलेले. नाटक नाही, म्हणून चीड जास्त.
समजावून आले. झोपेत पाणी घातलं की ते फुप्फुसात जातं, जनावर बुडून मरतं. मान डोलावली. "हाव. पण मरताना?"
पाडस अजून खाली. उद्या काढायचं. शेखभाई म्हणाले, "म्हातारीनं पाडसासाठी घागर राखून ठेवलीया. घरात कुणाला आंघोळ न्हाई." लोकांना लांब ठेवा, मी म्हणाले, तर सरपंच हसले. "माझ्या आईला मी अडवू?"
एक उपाय आहे. माझ्या आजीनं धम्म घेताना ज्याला लाथ मारली, तेच उद्या मी कामाला लावणार. आईला कळलं तर घरात घ्यायची नाही.

१२ एप्रिल
गुंगीच्या सुईची बंदूक भरायच्या आधी सरळ गेले आणि घागरीत हात घातला. मनगटापर्यंत. सगळ्यांदेखत.
गयाबाई घागरीकडे बघत राहिल्या. मग उचलली आणि अख्खी बांधावर ओतली. टँकर कधी येईल कुणालाच ठाऊक नाही.
पाडस झोपलं, वर आलं. दोनदा श्वास थांबला. पिशवी दाबत राहिले, शेखभाईंनी मान हलू दिली नाही. शीर सापडली, उतारा गेला. जवळ कुणी फिरकलं नाही.
गयाबाई लांबूनच, "मुद्दाम लावलास न्हवं हात?"
"हाव."
"मंग माझ्या हातनं पाणी का सांडवलंस?"
मी ओतायला सांगितलं नव्हतं. हे बोलणार होते, पण पाडसानं डोकं उचललं.
उभं राहिलं. झोकांड्या खात, जीभ बाहेर. शेखभाईंनी हळूच विचारलं, "म्याडम, आता पाजलं तर?"
आता चाललं असतं. जागं होतं, गिळलं असतं. मी गावाकडे बघितलं. सगळे रिकाम्या घागरीकडे बघत होते.
पाडस जरा वेळ थांबलं. मग माळाकडे चालत गेलं. तिकडे पाणी नाही.