आठ घरांचा स्विच

आई,

अण्णा वारले त्याच्या आदल्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले होते, "पाच घरांचा स्विच नको पोरी, आठचा आण. माणसं वाढतीत." इंटरनेटच्या स्विचमधल्या वायर खुपसायच्या जागेला ते घरच म्हणायचे.

काल आठचाच आणून बसवला. दुकानदार वायरीही बदला म्हणाला. पण अण्णांनी भिंतीतून ओढलेली वायर नेटचा नवा वेग नीट पेलते, तीच ठेवली. झाडताना स्विचचा प्लग काढू नकोस.

स्विचचे दिवे लागले तेव्हा तू आतून विचारलंस, "कुणाशी बोलतीस गं?" मी अण्णांना म्हणत होते, "तुमच्या वायरीमुळं मला घरूनच नोकरी करता आली, तुम्हाला सोडून जावं लागलं नाही. लई उपकार झाले, अण्णा."

आज नांदेडला जाऊन संध्याकाळी परत येते.

लुंबिनी